पहिली गोळी मोरेबाईंची

मोरेबाई काडतुसांची पेटी उघडल्यावर आधी आत बघायच्या नाहीत. आधी वास घ्यायच्या. झाकण जरासं वर करायचं, मान तिरपी करून नाक फटीशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि थांबायचं. लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडून एखादी जाणती बाई आत काही बिनसलंय का ते हुंगते, अगदी तसं. आजूबाजूला आम्ही पाच-सहा जण उभे असायचो. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, कुणी बूट घासायचे नाहीत. मग त्या डोळे उघडायच्या आणि एकच शब्द टाकायच्या. "बघूया" म्हणाल्या तर पेटी टेबलावर यायची. "झोपलंय" म्हणाल्या तर लाल पट्टी लावून मागच्या खोलीत.

'झोपलंय' हा त्यांचाच शब्द. काडतुसातली दारू मेली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "मेलेलं बरं असतं रे भास्कर," त्या मला म्हणायच्या, "मेलेलं उठत नाय. झोपलेलं कधी उठंल सांगता येत नाय."

मुरबाडहून माळशेज घाटाकडं जाताना वैशाखरे गावाच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. जत्रा, निवडणूक, पूर असं काही आलं की बंदोबस्ताला जाणारे स्वयंसेवक तिथं तयार व्हायचे. बहुतेक आसपासच्या गावांतली आणि वाड्यांवरची मुलं-मुली. कवायत, दोर, प्रथमोपचार आणि शेवटी गोळीबाराची परीक्षा. गोळीबार शिकवायला मी. रायफली होत्या जुन्या थ्री-नॉट-थ्री, आणि काडतुसं लष्करानं जादाची म्हणून काढून टाकलेली. शिकणाऱ्या पोरांपेक्षा वयानं मोठी, काही तर माझ्याहूनही मोठी. इतक्या वर्षांत ती कुठल्या कुठल्या गोदामांतून फिरली, कुठल्या छपराखाली किती पावसाळे काढले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पेटीवरचे छापलेले आकडे काडतुसाचा जन्म सांगायचे. पुढचं आयुष्य मोरेबाई सांगायच्या.

त्या मूळच्या किन्हवलीच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात काढली, तपासणी विभागात, आणि निवृत्त होताना त्या विभागाच्या प्रमुख होत्या. आमचे केंद्रप्रमुख पाटकरसाहेब लष्करातून आलेले. नोकरीत असताना ते एकदा त्या कारखान्यात गेले होते, तेव्हापासून त्यांना ओळखत. आमच्याकडं जुना माल यायला लागल्यावर साहेबांनी स्वतः गाडी घेऊन किन्हवली गाठली आणि त्यांना सल्लागार म्हणून बोलावून आणलं. पहिल्या दिवशी आमच्याशी ओळख करून देताना साहेब एवढंच म्हणाले, "ह्या सांगतील ती गोळी रायफलीत जाईल. ह्या नको म्हणतील ती मी सांगितली तरी जाणार नाही."

बाई उंच होत्या, हाडापेरानं दणकट. सुती पांढरी किंवा फिकट निळी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. तपासणीच्या दिवशी हातात बांगडी नाही, केसांना वासाचं तेल नाही, चेहऱ्याला पावडर नाही. एकदा आमच्या कार्यालयातली नवी मुलगी मोगऱ्याचा गजरा माळून टेबलाजवळ आली, तर बाईंनी तिला हातानंच लांब थांबवलं. "छान दिसतंय गो," म्हणाल्या, "पन तिकडं उभी राहा. माझ्या नाकात आता मोगराच मोगरा झाला." आणि खरंच, वारा फिरून नाक मोकळं होईपर्यंत त्यांनी एका पेटीला हात लावला नाही.

वासानंतर डोळे. काडतुसं पांढऱ्या फडक्यावर एका ओळीत निजवायची, खिडकीकडून उजेड घ्यायचा आणि एकेक फिरवत जायचं. पितळ काळवंडलं असेल तर त्यांना काही वाटायचं नाही. हिरवं पडलं असेल तर बोट लावून बघायच्या, वरवरचं आहे की आत खाल्लंय. मागची टोपी, जिच्यावर पिन आपटते, ती नखानं चाचपायच्या. ती केसभर जरी वर आली असली तरी बाद. गोळी पितळेच्या निमुळत्या मानेत सैल असली तर बाद. मात्र चकचकीत काडतूस दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

एकदा एका पेटीतला माल सोन्यासारखा लखलखत होता. आम्ही खूश. बाईंनी त्यातलं एक उचललं, फिरवलं आणि विचारलं, "घासलंय कुनी?" पेटी घेऊन आलेला माणूस अभिमानानं म्हणाला, "आम्हीच जी. दोन दिवस बसून घासलं. फार घाण झालं होतं." बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्याला शेजारी बसवून घेतलं. "कसंय दादा," त्या म्हणाल्या, "अंगावरचे डाग म्हनजे त्याचं बोलनं असतं. कुठं दुखतंय ते सांगतं ते. तुमी ते पुसून टाकलंत. आता मी कुनाला विचारू?" ती सगळी पेटी बाजूला गेली. तो माणूस पुढं दर खेपेला आधी बाईंना विचारायचा, "घासलेलं नाय बरं का, जसंच्या तसं आणलंय."

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मला खरी वाटली नसती. दुसऱ्या एका ठिकाणाहून आमच्याकडं काही पेट्या आल्या होत्या. वास ठीक, टोप्या ठीक, पितळ नुसतं जरा मंदावलेलं. बाई एकेक फिरवत होत्या आणि मधेच थांबल्या. काडतुसाच्या मानेवर उभी रेघ होती. मला ती आधी दिसेचना. भिंग लावल्यावर दिसली, केसाइतकी बारीक. दुसऱ्यावर तशीच. तिसऱ्यावर तशीच. बाईंनी गाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं.

"हे जिथं ठेवलं होतं तिथं शेजारी शेळ्या बांधतात काय?"

"शेळ्या? नाय बाई."

"म्हशी?"

"नाय. गोदाम आहे ते. पलीकडच्या खोलीत खताच्या गोण्या असतात फक्त. युरिया."

"भिंत एकच?"

"एकच. वरनं छप्पर पन एकच."

बाईंनी काडतूस खाली ठेवलं आणि आमच्याकडं वळल्या. पितळ ऊन सोसतं, थंडी सोसतं, एक वेळ पाऊसही सोसतं, त्या म्हणाल्या, पण मुताचा आणि खताचा उग्र दर्प त्याला सोसत नाही. हवा दमट झाली की तो दर्प पितळेत शिरतो आणि जिथं ताण असतो, म्हणजे मानेत, तिथं ते तडकतं. फार पूर्वी घोड्यांच्या तबेल्याशेजारी काडतुसं ठेवायचे आणि पावसाळा सरला की मानाच्या माना तडकलेल्या निघायच्या. कुणाला कारण कळत नव्हतं. "म्हनून मी वय विचारीत नाय," त्या म्हणाल्या. "ठेवलं कुठं होतं ते विचारते. जपून ठेवलेलं म्हातारं चालतं. हाल काढलेलं तरनं नाय चालत."

हे सांगताना त्यांच्या आवाजात मोठेपणा नसायचा आणि उगाच नम्रताही नसायची. आपल्याला येतं हे त्यांना माहीत होतं. घरचा रस्ता माहीत असावा तसं.

केंद्राबाहेरही त्यांची ही नजर सुटायची नाही. मुरबाडच्या बाजारात सुकट विकणाऱ्या बायका त्यांना पाहून वरचा ढीग बाजूला सारून खालचा पुढं करायच्या, कारण बाई आधी नाक लावणार हे त्यांना ठाऊक होतं. औषधाच्या दुकानात त्या तारखेसोबत "ऊन लागतं का या फळीवर?" असं विचारायच्या. माझ्या घरी शेणव्याला एकदा आल्या, बायकोनं चहा दिला, आणि पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "साखरेचा डबा गॅसच्या वर ठेवतेस ना?" तशी ती ठेवत होती. तो डबा त्याच दिवशी खाली आला.

त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. रोज सकाळी त्या तिच्यासमोर बसत, मग भाकरी थापत, मग बस पकडत. आमच्या तुकडीतल्या एका मुलानं चहाच्या वेळी त्यांना विचारलं होतं, जरा चाचरतच, की बाई, तुम्ही रोज वंदना घेता, आणि काम गोळ्यांचं, ते कसं जमतं? आम्हाला वाटलं, आता ह्याचं काही खरं नाही. बाईंनी कप खाली ठेवला.

"मला बी पहिल्या वर्षी तेच वाटायचं," त्या म्हणाल्या. "आईनं तर धरूनच लावलं, ती नोकरी सोड म्हनून. मग एक दिवस आमच्या मोठ्या मॅडमनं मला रायफल हातात दिली नि म्हनाल्या, धर. धरली. गाल टेकव म्हनाल्या. टेकवला. म्हनाल्या, आता सांग, ही गोळी वाईट निघाली तर आधी कुनाला लागंल? तेव्हा कळलं मला. गोळी पुढं कुनाकडं जाते ते ठरवनारे दुसरे हायेत. मागं ज्याचा गाल टेकलेला असतो ना, त्याचं मला बघायचंय. ते कुनाचं तरी पोर असतं."

 

मी जे सांगायला बसलोय ते त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं आहे. त्या वर्षी परीक्षेला उशीर झाला होता. पाऊस सुरू झाला की मैदान बंद, आणि परीक्षा राहिली की तुकडीचं वर्ष वाया. मे महिन्याची उतरती बाजू, सकाळची वेळ. आठ जणांची रांग जमिनीवर पालथी, समोर मातीचा बांध, त्यावर लक्ष्याचे कागद. मी रांगेच्या मागं शिट्टी घेऊन उभा. बाई आणखी मागं, ऐनाच्या झाडाखाली खुर्चीवर. त्या नेहमी तिथंच बसत आणि बघत नसत. मान खाली घालून नुसतं ऐकत.

गोळीबार सुरू होता. आठही जण आपापल्या गतीनं झाडत होते. एकावर एक आवाज आदळत होते, डोंगरावरून परतही येत होते. माझे कान त्या गदारोळाला सरावलेले, पण मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. मागून बाईंचा आवाज आला, कधी न ऐकलेला, फाटलेला.

"थांबव! भास्कर, थांबव!"

मी विचार न करता शिट्टी फुंकली. रांग थांबली. बाई खुर्ची मागं पाडून धावत आल्या. पासष्टीच्या पुढची बाई, साडीत, ढेकळांवरून. "डावीकडची तिसरी," त्या म्हणाल्या. "बोट काढ गो पोरी. ट्रिगरवरचं बोट काढ."

डावीकडून तिसरी होती मंगल. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरांची वाडी आहे, तिथली. सबंध तुकडीत तिची नेमबाजी सगळ्यांत सरस. तिनं बोट काढलं. तोपर्यंत तिनं पुढची गोळी आत चढवलेली होती, गाल टेकवलेला होता. शिट्टी क्षणभर उशिरा वाजली असती तर ती सुटली असती.

मी रायफल तशीच जमिनीवर धरून बोल्ट मागं ओढला, चढवलेलं काडतूस काढलं, बोल्ट बाहेर घेतला आणि नळी उजेडाकडं करून मागून आत बघितलं. उजेड दिसला नाही. मी डोळा चोळून परत बघितलं. नळीत काळोख होता. आधीची गोळी नळीच्या मध्येच अडकून बसली होती. तिच्या मागून दुसरी सुटली असती तर ती जाणार कुठं? नळी फुटली असती, आणि तिच्यामागं मंगलचा चेहरा होता.

बाईंनी तोवर मंगलच्या उजव्या बाजूला पडलेली काडतुसाची रिकामी खोळ शोधून काढली होती. ती तळहातावर उलटी केली. आतून दारूच्या शेवयांसारख्या पिवळट काड्या पडल्या, न जळलेल्या. बाईंनी त्या हुंगल्या आणि तिथंच खाली मातीत बसल्या.

आठ रायफलींच्या त्या धडधडाटात एका बाराचा आवाज पोकळ निघाला होता. तो त्यांनी ऐकला होता. मी तिथं उभा होतो, तरी आजही मला ते नीट समजावून सांगता येत नाही.

सगळे भोवती जमले. पाटकरसाहेब कार्यालयातून धावत आले. कुणीतरी म्हणालं, बाई, तुमच्यामुळं पोर वाचली. दुसऱ्यानं हात जोडले. बाईंनी मान वर केली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ही पेटी मी पास केलेली हाय."

"मोरेबाई, ते आपण नंतर..."

"नंतर नाय. सगळ्यांसमोर सांगते. पेटीच्या तळाला कुठंतरी बारीक भोक असनार. खालच्या थरात ओल गेली. मी नमुना घेतला तो वरच्या थरातला. तळातनं घ्यायला पायजे होता. घेतला नाय. आवाज ऐकला ते आता झालं. आधी चुकले ते बी माझंच हाय."

पेटी उलटी करून बघितली. तळाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या जोडाची झाळ सुटून सुईच्या अग्राएवढं भोक पडलं होतं.

साहेबांनी परीक्षा थांबवली. आता काय करायचं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "आता पेटीवरनं नाय. एकेक काडतूस बघनार मी. पाऊस येन्याआधी जेवढं होईल तेवढं." दुसऱ्या सकाळपासून त्या केंद्राच्या व्हरांड्यात बसल्या. पहाटेच्या बसनं यायच्या, दिवस मावळल्यावर शेवटच्या बसनं जायच्या. पांढरं फडकं, बाहेरचा उजेड, आणि एकेक काडतूस बोटांत फिरत राहायचं. आम्ही मदतीला बसू म्हटलं तर नको म्हणाल्या. त्यांच्या बोटांची टोकं हिरवी झाली होती. जेवायला उठताना त्या साबणानं पुन्हा पुन्हा हात धूत आणि तरी भाकरी कुस्करून चमच्यानं खात.

मंगल मात्र त्या दिवशी गेली ती परत आली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "वाडीचा रस्ता माहीत हाय तुला?" मी म्हटलं, अर्ध्यापर्यंत मोटरसायकल जाते, पुढं चढ आहे. "चल," म्हणाल्या.

चढावर त्या दोनदा थांबल्या, पण बसल्या नाहीत. मंगलच्या घरापुढं तिची आई करवंदं निवडत होती. मंगल दारात उभी राहिली, पुढं आली नाही. आईनं आम्हाला ओळखलं आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"कशाला आले तुमी?" ती म्हणाली. "पोर मरली असती माजी."

मला वाटलं, बाई आता तिला समजावतील. वाचली ना, असं म्हणतील. बाई म्हणाल्या, "होय. मेली असती. आन् माझ्यामुळं मेली असती. ती पेटी मी चांगली म्हनून दिली होती."

मंगलची आई त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं रागावायची तयारी केली होती आणि रागावायला समोर काही उरलं नव्हतं. ती उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून बाईंपुढं ठेवलं.

पाणी पिऊन बाई मंगलकडं वळल्या. "तुला परत ये म्हनायला नाय आले मी. येवढंच सांगायला आले, तुझं काय चुकलं नव्हतं. रायफलीचं बी नव्हतं. तू घाबरून आयुष्यभर मनात धरशील, माझ्या हातनं काय झालं असंल, म्हनून. ते मनात ठेवू नको. बस."

बाई उठल्या. आम्ही अंगण ओलांडलं, तेव्हा मागून मंगल बोलली. "बाई, आन् परत तसाच झाला तं?"

बाई थांबल्या.  होणार नाही, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "परत होनार नाय असं मी आता म्हनू शकत नाय. पन तुझ्या पेटीतली पहिली गोळी मी मारीन. माझा गाल लावून. मग तू ठरव."

मला वाटलं, पोरीला धीर द्यायला बोलल्या. तसं नव्हतं. खाली आल्यावर त्या सरळ पाटकरसाहेबांकडं गेल्या. साहेब आधी नाही म्हणाले, वयाचं कारण दिलं, खांद्याचं दिलं. बाईंनी कारखान्याच्या चाचणी मैदानावर स्वतः झाडून बघण्याचं काम पुष्कळ वर्षं केलं होतं, हे साहेबांनाही ठाऊक होतं. शेवटी साहेब म्हणाले, "तुमच्या शेजारी मी उभा राहीन."

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मंगल आली होती. आईही आली होती, कुंपणाबाहेर दगडावर बसली होती. पेट्या ओळीनं मांडलेल्या. बाईंनी पदर खोचला, जमिनीवर पालथ्या झाल्या, पहिल्या पेटीच्या तळातून एक काडतूस मागून घेतलं आणि रायफल खांद्याला लावली. मी कानाला लावायचे बोळे पुढं केले.

"ते नको," त्या म्हणाल्या. "कान बंद करून ऐकू कसं?"

बार झाला. त्यांचा अख्खा खांदा मागं आला. त्या पडून राहिल्या, डोंगरावरून आवाज परत येईपर्यंत. मग म्हणाल्या, "ही चालंल." दुसरी पेटी. बार. "ही चालंल." एका पेटीवर त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता हात हलवला. तिला लाल पट्टी लागली. त्या आवाजात काय होतं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. सगळ्या पेट्या संपल्यावर त्या उठायला लागल्या तेव्हा उजवा हात वर होत नव्हता. साहेबांनी त्यांना धरून उठवलं. मंगल पुढं झाली, त्यांनी सोडलेली रायफल तिनं उचलली आणि त्याच जागी, बाईंच्या कोपरांनी दबलेल्या गवतावर पालथी झाली.

तिच्या सगळ्या गोळ्या कागदाच्या काळ्या भागात लागल्या. कुंपणाबाहेर तिची आई शेवटपर्यंत कानांवर हात ठेवून, पण डोळे उघडे ठेवून बसली होती.

तेव्हापासून तो केंद्राचा रिवाज झाला. पेटी कुठलीही असो, तुकडी कुठलीही असो, पहिली गोळी मोरेबाईंची. पोरं वाट बघायची. त्या पालथ्या झाल्या की मैदानावर देवळात असावी तशी शांतता व्हायची. जुना माल संपेपर्यंत, काही उन्हाळे, हे चाललं. बोळे त्यांनी एकदाही घातले नाहीत.

मग नव्या रायफली आल्या आणि नवा माल आला, सीलबंद. उरलेली जुनी काडतुसं नष्ट करायला नेली. त्यांचं काम संपलं. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणाला उभे राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. मी मागून बाईंना हाक मारली, फोटोसाठी. त्यांनी वळून बघितलं नाही. परत मारली. निरोपाला आलेल्या मंगलनं त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्या वळल्या आणि माझ्या ओठांकडं बघत म्हणाल्या, "काय म्हनतोस रे?"

शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, डावा कान पूर्ण गेलाय आणि उजवा थोडाच राहिलाय. कधीपासून, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मी एकदा घरी गेलो असताना धीर करून विषय काढला, कागदावर लिहून. त्यांनी वाचलं, कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच होता तो," आणि भाकरी उलटायला उठल्या.

शेवटचं त्यांना पाहिलं ते किन्हवलीच्या स्टँडवर. त्या नातीकडं जायला मुरबाडच्या गाडीत चढल्या होत्या, खिडकीची जागा मिळाली होती. मी खाली उभा राहून हातानं खुणा करत होतो, जपून जा, पोचल्यावर नातीला फोन करायला सांगा. गाडी सुरू झाली आणि घरघरत जागीच उभी राहिली, कंडक्टर यायचा होता. बाईंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी तळहात खिडकीखालच्या पत्र्यावर सपाट टेकवला होता आणि डोळे मिटले होते. मग त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"ड्रायव्हरला सांग," त्या म्हणाल्या, बहिऱ्या माणसांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "मागच्या डाव्या बाजूला काहीतरी ढिलं झालंय."

मी पुढं जाऊन सांगितलं. ड्रायव्हर दाराशी तंबाखू मळत होता. त्यानं हात थांबवला, बाईंच्या खिडकीकडं बघितलं आणि कुरकुर न करता खाली उतरला. मागच्या चाकाशी वाकला, पाना मागवला. लोक घड्याळं बघायला लागले. एकानं चिडून विचारलं, कोण म्हणालं ढिलं आहे म्हणून?  पाना बराच फिरला. ड्रायव्हर हात पुसत वर चढला आणि बसायच्या आधी मागं वळून बाईंना हात जोडले.

त्यांनी ते बघितलं नाही. तळहात अजून पत्र्यावरच होता. गाडी हलली, खडीवरून डांबरावर आली, वळणाला लागली, आणि खिडकीत त्या तशाच बसलेल्या मला दिसत राहिल्या, डोळे मिटून, मान जरा तिरपी.